उत्तरेचा उजेड

पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस सहसा कोणाला जामीन राहत नाही. जामीनदाराच्या सहीची जागा फॉर्मवर कुठे असते आणि तीन हप्ते थकल्यावर त्याच माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्याने टेबलाच्या अलीकडून पुरेसं पाहिलेलं असतं. तरीही २०२२ साली मी माझ्या पुतणीसाठी सही केली. धाकट्या भावाचं कोल्हापुरातलं मंगळवार पेठेतलं घर तारण, कर्ज २४ लाख, मुदत दहा वर्षं, हप्ता ३२ हजारांच्या वर. कारण : इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात तीन वर्षं चित्रकला शिकणे.

शैक्षणिक कर्ज मिळालं नाही. शाळा म्हणजे विद्यापीठ नव्हे, चित्रकारांनी चालवलेला खाजगी स्टुडिओ. बँकेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने मला आदराने चहा पाजला आणि विचारलं, "सर, कोर्सनंतर प्लेसमेंटचं काय?" त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. किंबहुना एकदा विचारलं होतं. ते पुढे सांगतो.

भावाचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि कधीमधी एखाद्या कलानिकेतनच्या विद्यार्थ्याचं निसर्गचित्र. पोरगी त्या दुकानात काचांच्या कडा चुकवत वाढली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग कोल्हापुरातच कलाशिक्षण. कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची नावं घेतली की छाती भरून येते. पण घराचा उतारा बँकेत ठेवून कोणी चित्रकला शिकायला निघालं की तीच छाती धडधडते. दीड वर्ष हप्ते भरल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, तू एकदा बघून ये. तुला हिशेबातलं कळतं." बँकेच्या भाषेत याला कर्जोत्तर पाहणी म्हणतात. तेवढ्यासाठी मी २०२३च्या ऑक्टोबरअखेर आठ दिवस फ्लोरेन्सला राहून आलो.

पोहोचलो तो रविवार होता, २९ ऑक्टोबर. त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली होती. पुतणी स्टेशनवर आली तीच चिंतेत. "काका, आजपासून पाचला अंधार. चारनंतर काम नाही." मला वाटलं थंडीबद्दल बोलते आहे. तिचा प्रश्न वेगळा होता, तो मला दुसऱ्या दिवशी कळला.

माझी सोय तिने नन्सच्या एका मठात केली होती. फ्लोरेन्समधले काही मठ प्रवाशांना खोल्या देतात. स्वच्छ, स्वस्त, आणि रात्री अकराला दार बंद. ती स्वतः आर्नो नदीच्या पलीकडे, सान फ्रेदियानो भागात तिसऱ्या मजल्यावर राहत होती. लिफ्ट नाही. दोन खोल्यांत चौघीजणी : एक चिनी, एक इराणी, एक दक्षिण इटलीतली आणि आमची कोल्हापूरची. चिनी मुलगी सरकारी अकादमीत शिकायला आलेली. इटलीने चिनी कलाविद्यार्थ्यांसाठी 'तुरान्दोत' नावाचा वेगळा प्रवेशमार्गच ठेवला आहे. इराणी मुलीची गोष्ट ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. निर्बंधांमुळे तिच्या बापाला तेहरानहून तिच्या खात्यावर सरळ पैसे पाठवता येत नव्हते. कोणी ओळखीचा येणार असेल तर रोख यायचे. एवढी वर्षं मी परदेशी हुंड्यांचे फॉर्म तपासले, पण पैसे असूनही पोहोचत नाहीत अशी मुलगी समोर बसून भाताची खरवड वाढते आहे, हा अनुभव नवा होता. त्यांच्याकडे ही खरवड मुद्दाम धरवतात, तिला तहदीग म्हणतात आणि पाहुण्याला मानाने देतात. मी आणलेली कांदा-लसूण चटणी तिच्यावर घालून आम्ही जेवलो.

सोमवारी सकाळी नऊला मी स्टुडिओत गेलो. एका कोपऱ्यात स्टूल मिळालं, आणि बोलायचं नाही अशी ताकीद. उंच छताची जागा, भिंतींना मळकट करडा रंग, आणि एकाच बाजूला, वरच्या अंगाला, मोठ्या खिडक्या. त्या उत्तरेकडे उघडतात. आपल्या गोलार्धात एवढ्या वर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावल्या जागच्या जागी राहतात. विजेचा दिवा लावला की सावलीची कड बदलते, म्हणून दिवे नाहीत. उजेड संपला की दिवस संपला. घड्याळ एक तास मागे गेल्याचं दुःख ते होतं.

तिथली पद्धत अशी. पहिल्या वर्षी बार्गच्या छापील पाट्यांवरून नक्कल. शार्ल बार्ग या फ्रेंच माणसाने जेरोम या चित्रकाराच्या साथीने १८६०च्या दशकात रेखाटनाचा अभ्यासक्रम काढला, सुमारे दोनशे पाट्यांचा. व्हॅन गॉगने तो घरी बसून गिरवला होता. त्यानंतर प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून कोळशाने रेखाटन, नंतर तेच रंगात, आणि त्याच्या जोडीने रोज सकाळी जिवंत मॉडेल. एकच पोझ कित्येक आठवडे. पुतळा ईझलच्या शेजारी ठेवायचा आणि तो जेवढा दिसतो बरोबर तेवढाच कागदावर काढायचा. उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली. तिथून बघायचं, डोळ्यात धरायचं, चार पावलं पुढे जाऊन एक रेघ मारायची, परत मागे. हातात गवंड्यासारखा ओळंबा, खिशात आरसा. आरशात उलटं चित्र पाहिलं की चूक पटकन दिसते. कोळसा पॉलिश पेपरवर घासून सुईसारखा केलेला. मी सवयीने मोजलं : माझी पुतणी एका तासात साठ-सत्तर वेळा मागेपुढे झाली आणि कागदावर जे वाढलं ते करंगळीच्या नखाएवढं. हा कागद तिचा नववा आठवडा खात होता.

गंमत अशी की हे सगळं आपल्याला नवं नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते याच विद्येवर. ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून आपली पोरं घासत होती. आबालाल तिथूनच शिकून कोल्हापूरला परतले. पुढे विसाव्या शतकात युरोपने ही पद्धत जुनाट म्हणून टाकली. बऱ्याच कलाशाळांनी पुतळे अडगळीत घातले, काहींनी फोडले. फ्लोरेन्समध्ये मात्र नेरीना सिमी नावाची एक बाई आपल्या स्टुडिओत अनेक दशकं तसंच शिकवत राहिली. तिचे वडील पॅरिसला त्या जेरोमकडे शिकलेले. १९८७ साली ती वारली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन. तिच्याकडे आणि अमेरिकेतल्या अशाच एका परंपरेत शिकलेल्या डॅनियल ग्रेव्ह्ज यांनी १९९१ साली या शहरात फ्लोरेन्स अकॅडमी ऑफ आर्ट काढली, आणि आज त्या पद्धतीच्या शाळांत जगभरातून मुलं येतात. गाण्यातल्या घराण्यासारखंच हे. एखादा हट्टी म्हातारा किंवा म्हातारी मधे तग धरते म्हणून पुढच्यांना गाणं मिळतं.

मंगळवारी शिक्षक आले. आठवड्यातून दोनदा प्रत्येकाच्या ईझलपाशी येतात, विद्यार्थ्याच्या जागेवर उभे राहतात, बघतात. माझ्या पुतणीच्या कागदापुढे ते बराच वेळ थांबले. ओळंबा धरला, आरसा घेतला. मग हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलले आणि पुढे गेले. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मऊ चामड्याचा तुकडा घेतला आणि ते संपूर्ण डोकं, नऊ आठवड्यांचं, वरून खाली पुसून टाकलं. कागदावर करडा धूर तेवढा उरला.

मी स्टुलावरून उठलो. बोलायचं नाही हे विसरून "अगं..." म्हणालो.

"डोकं दोन मिलिमीटर कललंय, काका. पहिल्याच आठवड्यात कललं होतं. वरचं सगळं त्याच्यावर बसवलंय." एवढंच बोलून ती कोळसा घासायला बसली.

त्या दिवशी मी एकटाच नदीकाठी फिरलो आणि डोक्यात हिशेब केला. कोळशाचं काम मान्य झाल्याशिवाय रंग हातात देत नाहीत. ते नाताळपर्यंत व्हायला हवं होतं. लांबलं तर तीनाची चार वर्षं होणार, आणि चौथ्या वर्षाची फी कुठल्याच कागदावर नव्हती. आयुष्यभर मी माणसांना सांगत आलो की थकलेलं कर्ज लपवू नका, लवकर या, मार्ग काढू. इथे तर कर्जदाराने स्वतःच खातं उघडं करून दाखवलं होतं, आणि पाय माझे लटपटत होते.

ते जुनं प्रकरण मला तिथे आठवलं. १९९४ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शाखेचा मॅनेजर होतो. पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाचा मुलगा आला. मुंबईला चित्रकला शिकायची, राहण्याखाण्यासाठी बारा हजार हवे होते. तेव्हा आजच्यासारखी शैक्षणिक कर्जाची देशभराची योजना नव्हती. ती २००१मध्ये आली. सगळं मॅनेजरच्या मर्जीवर. मी विचारलं, "पुढे नोकरी कसली लागणार?" त्याला उत्तर देता आलं नाही. परतफेडीची क्षमता संशयास्पद, असा शेरा मारून मी अर्ज परत केला. तीन वर्षांनी शाखा नव्या जागेत गेली तेव्हा बाहेरची पाटी रंगवायला तोच मुलगा आला होता. अक्षरं इतकी देखणी काढली की जिल्ह्यातून आलेल्या साहेबांनी चौकशी केली. साडेचारशे रुपये झाले. व्हाउचरवर सही करून तो निघून गेला. माझ्याकडे त्याने रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाची सुट्टी होती. पुतणी म्हणाली, "चला, महाराजांना भेटून येऊ." कोल्हापूरच्या माणसाने फ्लोरेन्सला जाऊन हे करायचंच असतं. शहराच्या पश्चिमेला नदीकाठाने कासिने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पार टोकाला, जिथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तिथे आपल्याकडच्यासारखी एक छत्री उभी आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. हे छत्रपती राजाराम महाराज, राजर्षी शाहूंच्या आधीच्या पिढीतले. १८७० साली ते इंग्लंडला गेले, रोजनिशी लिहिली, आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस. दहनाला इथे परवानगी नसे; ती खास मिळवून, संगम पाहून, त्यांना अग्नी दिला. १८७४मध्ये छत्री बांधली गेली. आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे याच माणसाने रचला. फ्लोरेन्सचे लोक या जागेला 'इंडियानो' म्हणतात. शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. महाराज कोण, कुठले हे फारसं कोणाला माहीत नसावं.

पुतणी तिथे बाकावर मांडी घालून बसली. पहिल्या दिवाळीला ती एकटी इथे आली होती म्हणे. "रडायला आलो होतो," ती म्हणाली. कोल्हापुरी मुलींचं हे 'आलो', 'गेलो' तिकडे जाऊनही सुटलेलं नाही, याचा मला आनंद झाला. "मग पुतळ्याचं चित्र काढायला बसलो आणि रडायचं राहिलं." मी विचारलं, परत यायचं डोक्यात आलं नव्हतं का? "आलं होतं की. पण तिकिटाचे पैसे खात्यात मांडले असते तर तुम्ही विचारलं असतं." तिच्याकडे मी शिकवलेल्या पद्धतीची जमा-नावेची वही होती, आणि दर महिन्याला तिचे फोटो मला येत.

त्या वहीत एक जमेची रक्कम मला कोड्यात टाकायची : 'बैठक', आणि पुढे किरकोळ युरो. खुलासा गुरुवारी झाला. संध्याकाळी ती मला न सांगता दुसऱ्या एका वर्गात गेली होती. मी तिची विसरलेली छत्री द्यायला मागून गेलो. हा वर्ग रात्रीचा, दिव्याच्या उजेडातला. मधे उंच चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीत माझी पुतणी, आईची इरकल नेसून. भोवती सात ईझल. पंचवीस मिनिटं निश्चल, पाच मिनिटं विश्रांती, असे तीन तास. तिला पैसे मिळत होते ते बसण्याचे. विद्यार्थ्याच्या परवान्यावर आठवड्याला वीस तास काम चालतं, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न मंगळवार पेठेचा होता. मॉडेल हा शब्द आपल्याकडे कोणत्या नजरेने ऐकला जातो हे तिला ठाऊक होतं.

विश्रांतीत ती खाली आली तेव्हा मी त्या ईझलांमागून फिरत होतो. सात कागदांवर सात मुली. एकाने तिला राणी केलं होतं. एकीने नाक नीट धरलं होतं पण डोळे गेले होते. एका पोरसवदा मुलाचा कागद, तो नॉर्वेचा होता असं नंतर कळलं, मी बराच वेळ पाहिला. त्यात ती दमलेली होती. डोळ्यांखाली कोळसा साचला होता, आणि हनुवटी मात्र थेट माझ्या आईची. घरी बारशापासून ही मुलगी पाहतो आहे, ती हनुवटी मला कधी दिसली नव्हती.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली.

मी म्हणालो, "वहीत 'बैठक' लिहितेस ते बरोबर आहे. तसंच लिहीत जा."

त्या रात्री पाऊस कोसळला. मठाच्या खिडकीतून नुसता आवाज येत होता. सकाळी कळलं की शहराच्या वायव्येला बिझेन्झिओ नदीने काठ सोडला, काम्पी बिझेन्झिओ गाव पाण्याखाली गेलं, तोस्कानात माणसं दगावली. शुक्रवारी सगळं फ्लोरेन्स पुलांवर उभं राहून आर्नो पाहत होतं. तपकिरी, फुगलेली, ओंडके घेऊन धावणारी. नदी काठातच राहिली. पण म्हातारी माणसं मनातल्या मनात तारीख मोजत होती. ४ नोव्हेंबर १९६६ला हीच नदी शहरात शिरली होती. कित्येक भागांत पाणी दोन पुरुषांच्या वर चढलं. त्याच्या खुणा भिंतींवर अजून आहेत. बाप्तिस्तेरीच्या सोनेरी दारांच्या दहा पट्ट्यांपैकी पाच उखडल्या, सान्ता क्रोचेमधला चिमाबुएचा क्रूस रंग गमावून बसला, राष्ट्रीय ग्रंथालयातली दहा लाखांहून अधिक पुस्तकं चिखलात गेली. तेव्हा जगभरातून विद्यार्थी आले, तळघरांत साखळी करून एकेक पुस्तक वर काढलं. शहराने त्यांना 'चिखलातले देवदूत' असं नाव दिलं.

शनिवारी त्याच तारखेला स्टुडिओतली आठ-दहा मुलं फावडी घेऊन काम्पीला निघाली. मी पुतणीला अडवायचा प्रयत्न केला. तुझं डोकं अजून रेघेवर नाही, दिवस किती राहिलेत, वगैरे. "शनिवारी कुठं उजेड मोजतात," म्हणाली. "आणि काका, २०१९ला कुंभार गल्लीत आपण हेच केलं की. चिखल तसलाच असतोय." हे खरं होतं. पंचगंगेच्या त्या पुरात ती कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती छातीशी धरून बाहेर काढत होती. मी गॅलरीत उभा राहून ओरडत होतो.

रात्री परत आली तेव्हा केसांपासून टाचेपर्यंत एकाच रंगाची होती. एका सुताराचं दुकान उपसलं म्हणाली. त्याने सगळ्यांना भिजलेल्या लाकडाचा एकेक तुकडा आठवण म्हणून दिला होता. तो तुकडा आज भावाच्या दुकानात गल्ल्याशेजारी आहे आणि गिऱ्हाईक विचारतं, हा कसला नमुना.

पुसलेलं डोकं पुन्हा उभं राहायला फेब्रुवारी उजाडला. नाताळ हुकला तो हुकलाच. पुढची फी भागवायला तिने सकाळी स्टुडिओ झाडायचं, ईझल लावायचं काम घेतलं आणि त्याबदल्यात शाळेने फीत सूट दिली. वर्ष अखेरीस चार झालं नाही, साडेतीनवर निभावलं. तीन महिने हप्त्याची भर मी घातली. भावाला 'बैठक' म्हणजे काय ते तिने स्वतःच सांगितलं, मागच्या गणपतीत. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी नॉर्वेच्या मुलाने भेट दिलेलं ते चित्र त्याने काचेत बसवलं, पण दुकानात न लावता घरात लावलं.

रविवारी, ५ नोव्हेंबरला, माझी दुपारची गाडी होती. महिन्याचा पहिला रविवार, सरकारी संग्रहालयं फुकट; उफीझीपुढची रांग पाहून आम्ही कॉफी प्यायला गेलो. तिने वही काढली आणि आठवडा लिहायला घेतला. ट्रॅम, दोन तिकिटं. तांदूळ. कोळशाच्या कांड्या. बैठक, जमा. मग पेन थांबलं.

"काका, काल गमबूट घेतले. नऊ युरो. हे कुठल्या खात्यात घालू?"

मी चष्मा लावला, वही तिच्या हातातून घेतली आणि 'शिक्षण' या सदराखाली लिहून दिलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बेरीज करायला घेतली.